सायलेन्सरमधलं बोट

आमच्या उस्तादांची एक सवय होती. ट्रॅक्टर दारात उभा राहिला की मालकाचं गाऱ्हाणं ऐकायच्या आधी ते सायलेन्सरमध्ये बोट फिरवत. कोरडी काजळी लागली तर हवा कमी किंवा डिझेल जास्त. तेलकट काळं लागलं तर रिंगा गेल्या. पांढरा धूर म्हणजे डिझेल न जळताच बाहेर पडतंय, निळा म्हणजे ऑईल जळतंय. राहिला काळा. त्याला आमच्या भागात कुणी आजार मानतच नसे.

वाळवा तालुक्यात एकतीस वर्षं मी डिझेल पंपाचं आणि नोझलचं काम करतोय. साखर कारखाने सुरू झाले की दुकानात एकच मागणी: "आण्णा, पंप जरा वाढीव की. चढाला दम लागतोय." मागे उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या, आणि चढावर सायलेन्सरमधून काळा भपकारा निघाला की ड्रायव्हरची छाती फुगायची. पंपावर जास्तीत जास्त डिझेल किती सोडायचं ते ठरवणारा एक स्क्रू असतो, त्याला सील असतं. ते तोडून मी पाव आटा फिरवून द्यायचो. किती पंपांना दिला याचा हिशेब नाही. त्या पाव आट्यातलं बरंच डिझेल नुसतं धुराड्यातून जातंय हे मला कळत होतं. गिऱ्हाईक खूश होऊन जायचं, आणि मीही गप्प बसायचो.

ही गोष्ट आकड्यात मला पहिल्यांदा कळली ती पुण्यात, एका प्रशिक्षणात. तिथे इंजिन ट्रॅक्टरला नव्हे, डायनॅमोमीटरला जोडलेलं होतं. ठरलेल्या वेगाला, ठरलेल्या ओझ्याला ते चालवायचं आणि धूर गाळणकागदातून ओढायचा. कागद आधी वजन केलेला, नंतर पुन्हा करायचा. फरक निघेल ती काजळी. नियमाचं माप असतं दर किलोवॅट-तासाला इतके ग्रॅम. मास्तरांनी सोपं करून सांगितलं, की हे तुमच्या लाइट बिलातलंच युनिट.

मग मी घरी येऊन हिशेब मांडला. 2010-11 मध्ये ट्रॅक्टरना धुराचे ट्रेम 3-ए नावाचे नियम लागू झाले. त्यात पन्नास एचपीच्या, म्हणजे साधारण 37 किलोवॅटच्या इंजिनाला युनिटमागे 0.4 ग्रॅम काजळीची मुभा होती. पूर्ण ओझ्यावर तासभर चाललं तर जवळजवळ 15 ग्रॅम. दहा तास नांगरलं तर दीडशे, म्हणजे चांगली मूठभर. त्यानंतरच्या ट्रेम 4 मध्ये हाच आकडा 0.025 वर आला. तासाला एक ग्रॅमही नाही. आणि हे प्रयोगशाळेतलं, सील शाबूत असलेलं इंजिन. माझ्या पाव आट्याचं माप कुणी घेतलेलंच नाही.

धूर कमी करायचा तर नीट जाळा, एवढं साधं असतं तर आमच्या उस्तादांनीच केलं असतं. गुऱ्हाळाच्या चुलवाणात एकदम जास्त चिपाडं कोंबली की धुराडं काळं होतं. हवा खेळती ठेवली की जाळ स्वच्छ आणि प्रखर. डिझेलचंही तसंच. पण सिलिंडरमधला जाळ फार प्रखर झाला की हवेतला नायट्रोजनच ऑक्सिजनला चिकटतो. त्याचे ऑक्साइड तयार होतात. ते सायलेन्सरबाहेर दिसत नाहीत, पण छातीला झोंबतात, आणि उन्हात इतर वायूंशी मिळून ओझोन करतात. जाळ थंड केला तर हे कमी होतात, पण काजळी वाढते. एक दाबलं की दुसरं वर येतं. इंजिनवाल्यांचा सगळा खटाटोप या एका पेचाभोवती चालला आहे.

म्हणून मग डिझेलचा तुषार बारीक केला. आमच्या जुन्या नोझल दोनशे किलो दाबाच्या आसपास उघडायच्या. कॉमन रेल नावाच्या नव्या पद्धतीत दाब हजार-दीड हजाराच्या पुढे, आणि किती थेंब कधी सोडायचा ते कॉम्प्युटर ठरवतो. फिरवायला स्क्रूच नाही. थोडा धूर थंड करून परत इंजिनाच्या पोटात सोडायचा, म्हणजे जाळ आवरतो. तरी उरलेल्या काजळीला सायलेन्सरच्या जागी फिल्टर, डीपीएफ. मधमाशीच्या पोळ्यासारखी नळ्यांची जाळी. एक नळी पुढून बंद तर शेजारची मागून बंद. धुराला भिंतीतूनच झिरपावं लागतं, काजळी मागे राहते. डिझेलमध्ये गंधक असेल तर त्यापुढचं-मागचं सगळं रसायन बिघडतं. 1 एप्रिल 2020 पासून देशभर दहा लाख भागांत दहाच भाग गंधकाचं डिझेल आलं, तेव्हा कुठे हे आपल्याकडे जमण्यासारखं झालं.

56 किलोवॅटच्या वरच्या इंजिनांना नायट्रोजनच्या ऑक्साइडचीही मर्यादा इतकी कडक, की तिथे युरियाचं पाणी लागतं. 32.5 टक्के युरिया, बाकी शुद्ध पाणी. गरम धुरात त्याचा अमोनिया होतो आणि त्या ऑक्साइडचं पुन्हा नायट्रोजन आणि पाणी होतं. रस्त्याच्या कामावरचा एक ग्रेडर असाच माझ्याकडे आला. ताकद आवळून धरलेली, पुढे जाईना. निळ्या झाकणाची टाकी उघडली, तर आत पांढुरका चिकट थर. ड्रायव्हरनं मोठ्या हुशारीनं गावातल्या सोसायटीतून पोतं आणून बादलीत कालवलं होतं. "युरिया तो युरियाच की!" नव्हे. शेतातल्या युरियाला 2015 पासून निंबोळी तेलाचा लेप असतो, त्यातलं नत्र सावकाश सुटावं म्हणून. उसाला चांगलं ते मशीनच्या नोझलला विष. पंप, नोझल, टाकी सगळं बदललं. मालकानं ड्रायव्हरला काय म्हटलं ते छापण्यासारखं नाही.

आता मला खटकतं ते सांगतो. ट्रेम 4 ऑक्टोबर 2020 ला येणार होतं. तारीख सरकत सरकत 1 जानेवारी 2023 झाली, आणि लागू झालं ते पन्नास एचपीच्या वरच्यांना. आपल्या देशात खपतात ते बहुतेक ट्रॅक्टर त्याच्या खालचे. आमच्या बाजारात 49 एचपीला एकदम भाव आला, त्यामागचं गणित हेच. परदेशातही कंपन्या असंच रेषेच्या किंचित खाली इंजिन बसवतात, त्यामुळे आपल्यालाच नावं ठेवायला नको. शेतकऱ्याला महाग ट्रॅक्टर परवडत नाही हेही खरं. आणि त्या खालच्या ट्रॅक्टरांच्या पंपांवरच माझं घर चालतं, तेव्हा मी फार बोलू नये. पण 2012 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्यांच्या पहिल्या गटात टाकला. फुफ्फुस काही एचपी विचारत नाही. पावसाळ्यात शटर अर्धं ओढून आम्ही आतच इंजिन रेस करायचो.

गेल्या हंगामात एका मामांचा फोन आला. नवा, पन्नासच्या वरचा ट्रॅक्टर. "आण्णा, दिवा लागलाय, अन् सायलेन्सर तापून वास मारतोय. पेटतंय का काय?" मी विचारलं, उभे कुठे आहात? तर पाचटात. म्हटलं, आधी रस्त्यावर घ्या. फिल्टर भरला की तो आपली काजळी स्वतः जाळतो, सहाशे अंशांच्या आसपास. पण दिवसभर हलक्या कामावर, ताटकळत चालवलं तर धूर तेवढा तापत नाही आणि काजळी साठत जाते. मी पोचलो तेव्हा मामा बांधावर बसले होते. गाडी मोकळ्या जागेत उभी करून बटण दाबलं. इंजिनाचा आवाज आपोआप चढला. वीसेक मिनिटं आम्ही चहा पीत तसेच बसलो, मामा दर दोन मिनिटांनी उठून वाळक्या पाल्याकडे नजर टाकून येत होते.

दिवा विझला. नळी निवल्यावर मी जवळ गेलो आणि बोट आत फिरवलं. काहीच लागलं नाही. तरी सवयीनं ते पँटला पुसलं.