रोल्स रॉइस पोळपाटावर!

मैत्रिणींनो, अहिल्यानगरला (आपलं नगर हो!) रणगाडा संग्रहालयात गेलात, तर रणगाड्यांच्या गर्दीत उभी असलेली रोल्स रॉइसची चिलखती गाडी जरूर बघा. ‘सिल्व्हर घोस्ट’ ही मूळची श्रीमंतांची मोटार. १९१४ साली महायुद्ध पेटलं आणि तिच्याच सांगाड्यावर पोलादी पत्रे चढले. या गाडीचा १:३५ प्रमाणाचा प्लास्टिकचा संच मिळतो. जवळजवळ पाच मीटरची गाडी त्यात चौदा सेंटिमीटरची होते, पोळपाटावर मावेल एवढी!

संच आणलात की आधी सगळे भाग साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन वाळवा. साच्याचा तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. मग चिकटद्रव्य न लावता नुसते जुळवून पाहा. हे द्रव्य प्लास्टिक विरघळवूनच सांधा धरतं, थेंब जास्त पडला की भाग बिघडलाच! खिडकी उघडी ठेवा, वासाने डोकं चढतं. रंगाचे पातळ दोन हात द्या.

“हा काय बायकांचा उद्योग?” असं घरात कुणीतरी म्हणेलच. म्हणू द्या. करंजीला मुरड घालणाऱ्या हातांना तांदळाएवढा दिवा बसवणं जड नाही. मात्र मुलांचं निमित्त सांगू नका. स्वतःसाठी म्हणूनच आणा. आणि रंग वाळेपर्यंत गाडीवर मोठं पातेलं पालथं घाला, धूळ बसत नाही.