नट व्हायचे म्हणणाऱ्या लेकराला काय सांगाल?

तुमच्या घरातला मुलगा किंवा मुलगी एखाद्या दिवशी म्हणाली, "मला नट व्हायचंय," तर तुम्ही काय म्हणाल? पूर्वी असे बोलणाऱ्या पोराला बापाची बोलणी खावी लागत. आज तसे राहिलेले नाही. गावातल्या चार पोरांनी बांधावर काढलेला विनोदी प्रसंग लाखो लोक मोबाईलवर पाहतात. तेव्हा "नाही" म्हणण्याआधी, आणि "हो" म्हणण्याआधीही, हा धंदा कसा चालतो ते आईबापांनी समजून घेतलेले बरे. हा धंदा यंत्राबरोबर बदलत आला आहे आणि आजही बदलतो आहे.

यंत्र बदलले, गरज बदलली

दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढला. त्या काळी बायका पडद्यावर यायला तयार नसत. म्हणून तारामतीचे काम अण्णा साळुंके या उपाहारगृहातल्या आचाऱ्याने केले. चित्रपट मुका होता, त्यामुळे चेहरा आणि हावभाव एवढेच नटाचे भांडवल होते. १९३१ साली 'आलम आरा' बोलला, १९३२ साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' मराठीत बोलला, आणि एकाएकी आवाजाला किंमत आली.

मूकपटांच्या काळात रुबी मायर्स ही नटी सुलोचना या नावाने गाजत होती. (आपल्या सुलोचनाबाई लाटकर त्या वेगळ्या.) तिला हिंदुस्थानी नीट बोलता येत नव्हते. बोलपट आले तशी तिची कामे थांबली. तिने वर्षभर बसून भाषा शिकून घेतली आणि आपलेच गाजलेले मूकपट बोलपट करून पुन्हा उभी राहिली. उलट, रंगभूमीवर ज्यांनी राज्य केले त्या बालगंधर्वांनी १९३५ साली प्रभातच्या 'धर्मात्मा'मध्ये संत एकनाथांची भूमिका केली, पण नाटकातली जादू पडद्यावर उतरली नाही. त्याच साली 'धूपछाँव'मध्ये पार्श्वगायन आले. मग ज्याला गाता येत नाही असाही नायक होऊ लागला, आणि केवळ गळ्यावर काम मिळवणाऱ्यांची अडचण झाली.

आपल्याकडे मोट गेली, इंजिन आले, मग विजेचा पंप आला. ज्याने नवे अवजार हाताळायला शिकून घेतले त्याचे भिजणे चालू राहिले. अभिनयाच्या धंद्यातही तेच घडले.

दार गावाजवळ आले

पूर्वी नट व्हायचे तर मुंबई किंवा पुणे गाठावे लागे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. पुढे खासगी मराठी वाहिन्या आल्या आणि रोजच्या मालिकांना माणसे लागू लागली. 'तुझ्यात जीव रंगला' कोल्हापूरकडे आणि 'लागिरं झालं जी' साताऱ्याकडे चित्रित झाली. २०१६ साली नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'ने शंभर कोटींच्या धंद्याचा टप्पा ओलांडला. त्याची नायिका रिंकू राजगुरू ही अकलूजची शाळकरी मुलगी होती. नंतर यूट्यूबवर 'गावाकडच्या गोष्टी' आणि 'चांडाळ चौकडीच्या करामती' यांसारख्या मालिका गावातल्याच मंडळींनी गावातच काढल्या.

निवडीची पद्धतही बदलली. पहिली चाचणी बऱ्याचदा घरी मोबाईलवर चित्रित करून पाठवता येते. मुंबईची एक खेप आणि तिथले राहण्याचे पैसे वाचतात. जी गावरान बोली एके काळी नोकराच्या नाहीतर विदूषकाच्या तोंडी असायची, ती आज नायक-नायिका बोलतात. आपल्या मुलांनी ती लाजून टाकून देऊ नये, पण प्रमाण मराठी आणि हिंदीही शिकावी.

आवाजाचीही वेगळी रोजी उभी राहिली. २०२१ साली 'पुष्पा' हा तेलुगू चित्रपट हिंदीत गाजला. त्यात अल्लू अर्जुनला हिंदी आवाज श्रेयस तळपदे या मराठी नटाचा होता.

पण हे पीक बेभरवशाचे

दार जवळ आले म्हणून घर भरेल असे मात्र नाही. मालिकेत बहुतेकांना दिवसावर पैसे मिळतात. दिवस साधारण बारा तासांचा असतो आणि काम झाल्यावर सुमारे नव्वद दिवसांनी पैसे देण्याची रीत आहे. म्हणजे तीन महिने पदरचे खाऊन काम करावे लागते. लोकांनी पाहणे सोडले की मालिका बंद होते, आणि नटाचे कामही थांबते. मार्च २०२० मध्ये करोनामुळे चित्रीकरणे थांबली तेव्हा ज्यांना दुसरा आधार नव्हता त्यांचे फार हाल झाले. त्या वर्षी आणि पुढल्या वर्षी जत्राही भरल्या नाहीत, आणि तमाशाचे फड सुपारीवाचून बसून राहिले.

याबाबतीत झाडीपट्टीकडून शिकण्यासारखे आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या धानाच्या पट्ट्यात दिवाळीनंतर कापणी-मळणी उरकली की रात्र-रात्र नाटके चालतात. वडसा या गावी नाटक मंडळ्यांची कार्यालये आहेत, तिथे प्रयोग ठरतात. पावसाळ्यात शेती आणि हिवाळ्यात रंगमंच, असे अनेकांचे चालते. गडचिरोली जिल्ह्यातले परशुराम खुणे यांनी याच रंगभूमीवर हजारो प्रयोग केले. २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

चेहऱ्याची आणि आवाजाची उचलेगिरी

आता सगळ्यात नवे यंत्र आले आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे ज्याला सगळे एआय म्हणतात, ती माणसाचा चेहरा आणि आवाज हुबेहूब उतरवते. नट जागेवर नसताना त्याच्या तोंडून हवे ते वदवता येते. याच भीतीने अमेरिकेतल्या नटांच्या संघटनेने १४ जुलै २०२३ पासून ११८ दिवस काम बंद ठेवले. गर्दीत उभ्या राहणाऱ्या नटाची छबी एका दिवसाच्या मजुरीत उतरवून घ्यायची आणि कायम वापरायची असा कंपन्यांचा बेत आहे, असा संघटनेचा आरोप होता. कंपन्यांनी तो नाकारला. शेवटी झालेल्या करारात नटाची संमती आणि मोबदला या दोन अटी लिहिल्या गेल्या. आपल्याकडे अनिल कपूर यांनी दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांचे नाव, छबी, आवाज परवानगीवाचून वापरण्यास न्यायालयाने मनाई केली.

मोठ्या नटाला वकील परवडतो. तुमच्या लेकराचे रक्षण त्याने सही केलेला कागदच करणार. सातबारा आणि खरेदीखत आपण जसे ओळ न ओळ वाचून घेतो, तसाच करार वाचून घ्यावा. चेहरा आणि आवाज कोणत्या कामासाठी, किती वर्षे वापरणार आणि एआयने नक्कल करणार का, हे त्यात स्पष्ट असले पाहिजे. इंग्रजी समजत नसेल तर वकिलाकडून वाचून घ्यावा. त्याची फी पुढच्या नुकसानीपेक्षा कमीच असते.

घरच्यांनी काय करावे

काम देतो म्हणून नोंदणीचे, छायाचित्रांचे किंवा ओळखपत्राचे पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये. निवड करणारा खरा माणूस नटाकडून पैसे घेत नाही. मुलीला चाचणीसाठी बोलावले तर घरातले कोणीतरी बरोबर जावे.

चौदा वर्षांखालच्या मुलाला काम मिळाले तर कायदा माहीत असावा. निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसाला पाच तासांहून जास्त काम घेता येत नाही, आणि मिळकतीतला किमान वीस टक्के भाग मुलाच्या नावे बँकेत मुदत ठेवीत ठेवावा लागतो.

शिकायचेच असेल तर पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र आणि दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय आहे. महाविद्यालयातल्या एकांकिका आणि राज्य नाट्य स्पर्धा हीही चांगली शाळाच आहे. तिथे चार लोकांसमोर उभे राहायची सवय होते आणि आपली कुवत कळते.

शेवटी एक मुदत ठरवा. दोन वर्षे, तीन वर्षे, जेवढा घरचा खर्च सोसवेल तेवढी. तोवर पदवी किंवा हाताला दुसरे एखादे काम सोडू देऊ नका. जमले तर आनंदच आहे. नाही जमले तर पोराला परत येताना शरम वाटणार नाही, एवढे मोकळे बोलणे मात्र आजच करून ठेवा.