कायम नसली तरी रजा मिळते

कुपवाडची एमआयडीसी असो की शिरवळची, कंत्राटी बाईला दिवस गेले की तिला हमखास ऐकवलं जातं, ‘तू कुठं कायम आहेस? बाळंतपण उरक, मग बघू.’ सांगणाऱ्यालाही ते खरंच वाटत असतं. कायदा असा भेद करत नाही. दहा किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या आस्थापनेत मागच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालं, की २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. मालकानं काम नाही म्हणून बसवून ठेवलेले दिवसही त्या ८०मध्ये धरतात. दिल्ली महापालिकेत मस्टरवर राबणाऱ्या बायकांनी हाच वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला आणि जिंकला. निकालाची तारीख ८ मार्च २०००. महिला दिनाचा हा योगायोग असेल तर झकासच. मधेच करार संपला तरी उरलेल्या आठवड्यांचे पैसे द्यावेच लागतात, हे त्याच न्यायालयानं २०२३मध्ये सांगितलं.

तिसऱ्या खेपेला काहीच मिळत नाही, हाही समज पक्का रुजलेला. मिळते, पण १२ आठवडे.

‘एवढे पैसे आम्ही कुठून आणू?’ हा मालकांचा सवाल. महिन्याचा पगार २१ हजारांच्या आत असेल आणि ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड असेल, तर रजेचे पैसे ईएसआयसी देते. त्यासाठी आधीच्या दोन अंशदान कालावधींत मिळून ७० दिवसांची वर्गणी भरलेली लागते. म्हणजे मालकानं वर्गणी वेळेवर भरली, तर हा खर्च त्याच्यावर पडतच नाही.

रजेवर असताना काढून टाकणं बेकायदा आहे. पण काढतो कोण? राजीनामा लिहून घेतात. सगळ्यात जास्त फसगत इथंच होते, कारण कागदावर ती ‘स्वखुशीनं’ गेलेली असते. म्हणून सही करायची नाही. ‘रजा मागणार नाही’ असं नोकरी देताना लिहून घेतलं असेल, तर तो कागद कायद्यापुढं टिकत नाही. काढल्याचा किंवा लाभ नाकारल्याचा आदेश हाती पडल्यापासून ६० दिवसांत जिल्ह्याच्या कामगार कार्यालयाची पायरी चढावी. १९६१चा प्रसूती लाभ कायदा नोव्हेंबर २०२५पासून सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. तेवढ्यानं हे हक्क गेले नाहीत.

हे शहरी फॅड आहे म्हणणाऱ्यांसाठी : मुंबई इलाख्यानं असा कायदा १९२९मध्येच केला. आदल्या वर्षी विधिमंडळात त्याची बाजू मांडणारे डॉ. आंबेडकर साताऱ्याच्याच शाळेत शिकलेले.

आता उलटा गैरसमज, ‘कायदा आहे, म्हणजे सगळ्यांना मिळतं.’ रेठरे बुद्रुक, साखराळे इथल्या कारखान्यांचा ऊस तोडायला बीडकडून येणाऱ्या जोडप्याला ‘कोयता’ म्हणतात. उचल मुकादमाकडून, मजुरी टनावर आणि दोघांची एकत्र. बाईचं नाव कुठल्या मस्टरवर नसतं. हंगाम शंभर दिवस चालला तरी तिचे ८० दिवस सिद्ध करायला कागद नाही. पोटुशी असून तिनं मोळी उचलायची, न उचलली तर खाडा. तिला उरते ती प्रधानमंत्री मातृवंदना योजना : पहिल्या बाळाला पाच हजार, दुसरी मुलगी झाली तर सहा हजार. त्याचा अर्ज अंगणवाडी सेविका किंवा आशाताईकडून भरून घेता येतो.