गुडगुडीपासून नळीपर्यंत

अमरावतीच्या राजापेठेतल्या आमच्या जुन्या घराच्या ओसरीवर, बडनेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्याची धूळ जिथून दिवसातून दोनदा झाडावी लागे, तिथल्या कोनाड्यात आजोबांची पितळी गुडगुडी उभी असे. आणि तिची निगा राखण्याचे काम, १९५६ साली वऱ्हाड मध्यप्रदेशातून द्वैभाषिक मुंबई राज्यात आले त्याच्या आगेमागे, मी आठ-नऊ वर्षांचा असताना माझ्याकडे सोपविण्यात आले. पुढे साठ वर्षांनी त्याच ओसरीवर माझ्या पुतण्याने सतरंजी अंथरून तांब्याची एक जाडसर नळी उघडली, तिचे आटे पुसले, तिच्यात तारेचे वेटोळे बसविले, आणि मला गुडगुडी आठवली. या दोन उपकरणांच्या दरम्यान जो काळ गेला त्याचा मागोवा घ्यावा असे पुष्कळ दिवस मनात होते.

तंबाखूचा उत्तरेकडचा प्रवास दक्षिणेतून झाला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाच्या ध्यानात नसते. विजापूरच्या दरबारी वकिलातीवर गेलेला असद बेग १६०४ च्या सुमारास परतताना तंबाखू आणि ती ओढण्याची रत्नजडित नळी बरोबर घेऊन गेला व त्याने ती अकबरापुढे ठेवली. जहांगिराने १६१७ साली मनाईचा हुकूम काढला, परंतु तोवर व्यसन दरबारातून गावोगाव उतरले होते. नारळाच्या करवंटीचा हुक्का तर इतका सर्वत्र पसरला, की पश्चिम आशियातले त्याचे 'नारगिले' हे नाव नारळावरूनच पडले आणि त्या नावाच्या मुळाशी आपला 'नारिकेल' शब्द आहे. वऱ्हाडावर निजामाचा अंमल दीर्घकाळ राहिल्यामुळे देशमुखी वाड्यांच्या सरंजामात पानदान, पिकदाणी यांच्याबरोबर गुडगुडीही आली, आणि वतने गेल्यावर वाड्यांतून ती साध्या घरांतही उतरली.

आमची गुडगुडी घडणीने मोठी नव्हती, तरी तिचा दिनक्रम कडक होता. सकाळी पहिले काम पाणी बदलण्याचे. रात्रीचे पिवळसर, उग्र वासाचे पाणी परसात मोरीवर ओतून, भांडे आतून दोन-तीन वेळा खळबळून, नवे पाणी इतकेच भरायचे, की चिलमीखालून उतरणारी नळी त्यात दोन बोटे बुडावी. जास्त झाले तर घोट तोंडात येई, कमी झाले तर धूर पाण्याला स्पर्श न करताच निसटे. आठवड्यातून एकदा नेचा, म्हणजे ओढण्याची नळी, सोडवून त्यातून ओल्या फडक्याची चिंधी बांधलेली तार फिरवायची, चिलमीतला खडा विस्तवात टाकून त्यावरचा डिंकासारखा काळा थर जाळायचा, छापीचे फडके धुऊन वाळवायचे, आणि पितळेवर चिंचेचा कोळ व राख चोळून ते लखलखीत करायचे. सांध्यांवर मेण आणि सूत असे. उन्हाळ्यात, आमच्या गावचा वैशाख ठाऊक असणाऱ्याला सांगायला नको, मेण मऊ पडे व सांधा सैल होई. आतून कल्हई गेली की हिरवट कळंक धरे, मग वर्षातून एकदा कल्हईवाल्याची वाट पाहणे आले. तो भाता लावून, नवसागर टाकून, कापसाच्या बोळ्याने कथील फिरवी, तेव्हा आम्ही मुले भोवती रिंगण करून बसत असू.

या सर्व दुरुस्तीचे एकच शास्त्र आजोबांनी मला शिकविले. एखाद्या दिवशी गुडगुडी नीट ओढली जाईना तर मी घाईने सारे सांधे सोडू लागे, तेव्हा ते माझा हात धरून म्हणत, "आवाज आयक आंधी, मंग हात लाव." ओढणाऱ्याच्या श्वासाने पाण्यावरची हवा विरळ होते, म्हणून विस्तवाखालचा धूर पाण्यातून बुडबुडत वर येतो, कुठे सांधा फुटला असेल तर बाहेरची हवा तिथूनच आत शिरते आणि गुडगुड क्षीण होते, नळी तुंबली असेल तर आवाज जड, तुटक येतो. प्रत्येक दोष आपली वर्दी स्वतः देत असे, आणि आठ वर्षांच्या मुलाला ती कळत असे.

धुराची मात्र मी तरफदारी करणार नाही. पाण्याने धूर थंड होतो, निर्विष होत नाही. निकोटीन, डांबर आणि कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड त्यातून पार होऊन छातीत जातातच. आजोबांचा पहाटेचा खोकला ही आमच्या घराची घड्याळाची घंटा होती, आणि मी चकाकत ठेवलेल्या त्या पितळेचा त्या खोकल्यात वाटा होता, हे मला फार उशिरा उमगले.

आता पुतण्याच्या नळीविषयी. विजेवर चालणारी आजची सिगारेट चीनमधील औषधनिर्माते होन लिक यांनी २००३ साली सिद्ध केली. तिचाच एक प्रकार म्हणजे शौकिनांची 'मेकॅनिकल मॉड', जिच्यात प्रवाहाचे नियंत्रण करणारे इलेक्ट्रॉनिक मंडल मुळीच नसते. तांब्याची किंवा पितळेची पोकळ नळी, आत १८ मिलिमीटर व्यासाचा व ६५ मिलिमीटर लांबीचा लिथियम सेल, बुडाशी कळ, माथ्यावर तारेचे वेटोळे आणि त्यातून ओवलेली कापसाची वात. कळ दाबली की सेलचा सारा प्रवाह थेट तारेत जातो व वातीत मुरलेल्या द्रवाची वाफ होते. निगा बरीचशी ओळखीचीच होती: तांबे काळवंडले की चिंच, आट्यांत मळ साचला की जुना टूथब्रश. वातीसाठी त्याने आमच्याच शेतातला कापूस मागितला. परंतु सरकी काढलेल्या कच्च्या रुईवर निसर्गतः मेणाचा पातळ थर असतो, त्यामुळे ती द्रव शोषीना, तेव्हा धुण्याचा सोडा घालून उकळून, चार पाण्यांनी धुऊन ती मी त्याला तयार करून दिली. ज्या कापसावर अमरावती उभी राहिली तो त्या नळीत पाहून मला क्षणभर समाधानही वाटले, हे कबूल केले पाहिजे.

"काका, यात बिघडण्यासारखं काही नाहीच," तो म्हणाला. मला त्याच वाक्याची भीती वाटली. पूर्ण भरलेल्या सेलचा दाब ४.२ व्होल्ट, वेटोळ्याचा रोध ०.२ ओहम असेल तर प्रवाह २१ अँपिअर, आणि वेटोळे चुकून ०.१ ओहमचे झाले तर ४२, म्हणजे अशा पुष्कळशा सेलांच्या झेपेपलीकडचा. सेलवरचे प्लॅस्टिकचे वेष्टन नखभर फाटले, कळ दाबलेली राहिली किंवा वेटोळ्याचे पाय नळीच्या धातूला टेकले, तर प्रवाह तोडणारे आत कोणीच नसते. सेल तापतो, वायू सोडतो, आणि वायूला वाट देणारी छिद्रे बुजलेली असतील तर धातूची नळी फुटते. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातील सेंट पीटर्सबर्ग येथे मे २०१८ मध्ये असे उपकरण फुटून एक इसम दगावला. ज्या यंत्राचा दोष त्याच्या नाशापूर्वी ऐकू येत नाही ते घरी दुरुस्त करण्याजोगे नव्हे, असा माझा निर्णय त्या ओसरीवरच झाला, आणि तो मी पुतण्याला स्पष्ट सांगितला.

पुढचा भाग थोडक्यात सांगता येतो. मुंबईच्या कमला मिल आवारात २०१७ च्या डिसेंबरअखेर लागलेल्या आगीत १४ माणसे गेली, संशय हुक्क्याच्या निखाऱ्यांवर आला, त्यानंतर २०१८ मध्ये महाराष्ट्राने हुक्का पार्लरवर बंदी घातली. १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने इलेक्ट्रॉनिक सिगारेटविरुद्ध वटहुकूम काढला, डिसेंबरात त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, साठा, जाहिरात ही सारी निषिद्ध ठरली, आणि साठा वगळता बाकीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद अथवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आल्या. हा कायदा मला योग्य वाटतो. पुतण्याने तत्पूर्वीच व्यसन सोडले होते. नळी त्याने मोडीत घातली, आणि सेल काढून, त्याच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून, ई-कचरा घेणाऱ्याच्या स्वाधीन केला.

जुन्या विजेऱ्या, लॅपटॉप किंवा अशा नळ्या यांतून निघालेले सुटे सेल आज अनेक घरांच्या फडताळांत पडलेले असतात. वाचकांना एवढीच विनंती, की ते किल्ल्या आणि नाण्यांबरोबर ठेवू नयेत, फाटक्या वेष्टनाचा सेल पुन्हा भारित करू नये, आणि टोकांना पट्टी लावून असे सारे सेल याच आठवड्यात ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावेत.