लसीच्या इजेचा दावा

लस घेतल्यानंतर मूल आजारी पडले, म्हणजे ते लसीमुळेच पडले असे नव्हे. परंतु क्वचित ते खरेही असते. मग त्या आईबापांनी जावे कोठे? अमेरिकेत १९८० नंतर डांग्या खोकल्याच्या लसीवरून इतके दावे झाले की काही कंपन्यांनी लस बनविणेच सोडले. म्हणून १९८६ साली कायदा झाला व १९८८ पासून भरपाई योजना सुरू झाली.

येथे दावा आधी कंपनीवर नव्हे, तर सरकारच्या आरोग्यमंत्र्यावर लावतात. पैसा लसीवरील करातून येतो. प्रत्येक मात्रेत एका रोगामागे ७५ सेंट. कोणाची चूक झाली हे सिद्ध करावे लागत नाही. कायद्याच्या तक्त्यातील इजा ठरल्या वेळेत झाली, उदाहरणार्थ ॲलर्जीचा जीवघेणा झटका ४ तासांत, तर दुसरे कारण सिद्ध होईपर्यंत लसच कारण धरतात. तक्त्याबाहेरच्या इजेत मात्र कार्यकारणसंबंध दावेदारानेच दाखवायचा. खरी दमछाक तेथे होते. स्वमग्नतेचे नमुना-दावे २००९ व २०१० मध्ये फेटाळले गेले. पुरावा पाहता ते योग्यच झाले.

मुदत पहिल्या लक्षणापासून ३ वर्षे. (आम्हा बँकवाल्यांना तारखेचे मोल सांगायला नको!) मृत्यूबद्दल अडीच लाख डॉलर, हा आकडा १९८६ च्याच कायद्यातला, महागाई त्यानंतर कुठल्या कुठे गेली. वकिलाची फी मात्र, दावा प्रामाणिक व सकारण असल्यास, हरल्यावरही निधीतून मिळू शकते. त्यामुळे हातावर पोट असलेल्यालाही वकील दारात उभा करतो.