टोपीतले पाते : दंतकथा आणि वस्तुस्थिती

इंग्लंडातील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या नगरीत एके काळी ‘पीकी ब्लाइंडर्स’ नावाच्या गुंडांची मोठी दहशत होती. टोपीच्या पुढच्या कडेत वस्तऱ्याचे पाते शिवावयाचे आणि झटापटीत तिचा फटकारा मारून प्रतिपक्ष्याला आंधळे करावयाचे, म्हणून हे नाव पडले, अशी आख्यायिका आहे. २०१३ साली सुरू झालेल्या बी.बी.सी.च्या नाट्यमालिकेने ती जगभर पोहोचविली. आपल्या घरातील मुलांनीही ती कौतुकाने पाहिली असेल.

परंतु, वाचकहो, थोडा हिशेब करून पाहा. या गुंडांचे नाव वृत्तपत्रांत झळकले ते १८९० साली. बदलत्या पात्यांचा वस्तरा विक्रीस आला तो १९०३ साली, तोही अमेरिकेत. आणि आरंभी ती चैनीची वस्तू होती. मग गरीब वस्तीतील पोराच्या टोपीत पाते आले कोठून? बर्मिंगहॅमचेच इतिहासकार कार्ल चिन यांनी ही विसंगती दाखवून दिली आहे. डोळ्यांवर ओढलेल्या टोपीवरूनच ते नाव रूढ झाले असावे.

वस्तुस्थितीत मात्र वैभव नव्हते. ही एकच सुसंघटित टोळी नव्हे. गल्लोगल्लीच्या उनाड टोळक्यांना मिळालेले ते सामायिक नाव होते. पितळी बकलांचे पट्टे, जड बूट आणि दगडविटा हीच त्यांची शस्त्रे. १८९० च्या मार्चमध्ये एका तरुणाने गुत्त्यात दारूऐवजी आल्याचे साधे पेय मागितले, एवढ्यावरून त्याला मारहाण करून त्याची कवटी फोडण्यात आली. १८९७ साली फेकलेल्या विटेने एका पोलीस शिपायाचा बळी घेतला. १९०४ सालच्या पोलीस दप्तरातील छायाचित्रांत दिसतात ती सायकलचोरीसारख्या गुन्ह्यांत सापडलेली कोवळी पोरे.

१८९९ साली चार्ल्स रॅफ्टर पोलीसप्रमुख झाले. त्यांनी शिपायांची संख्या वाढविली, गस्त कडक केली. दुसरीकडे शाळा, खेळ आणि तरुणांची मंडळे वाढत गेली. मालिकेची कथा १९१९ साली सुरू होते. खरे पीकी ब्लाइंडर्स पहिल्या महायुद्धापूर्वीच ओसरले होते.

कथा रंजक असते, ती अवश्य पाहावी. मात्र ती संपल्यावर मुलांना त्या पेय मागणाऱ्या तरुणाचीही गोष्ट सांगावी. टोपीतले पाते खोटे होते. त्याच्या डोक्यावरची जखम खरी होती.