गुणाची पारख कोणी करावयाची?

शिरूरच्या पेठेत धान्याची मूठ हाती घेताच त्याचा कस सांगणारे व्यापारी आहेत; आणि दौंडच्या जंक्शनावरून या मुलखातील किती तरुण पोटासाठी परगावी जातात, हे रोज पाहणारेही पुष्कळ आहेत. या दोन्ही वर्गांस आज आम्ही एका कलावंताची हकीकत सांगू इच्छितो. कारण तीत मालाची पारख आणि माणसांचे स्थलांतर हे दोन्ही प्रश्न एकत्र आले आहेत.

सदानंद बाकरे यांचा जन्म १९२० साली बडोद्यास झाला. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत त्यांनी शिल्पकलेचे शिक्षण घेतले. देश स्वतंत्र झाला त्याच १९४७ साली सूझा, रझा, हुसेन, आरा व गाडे यांच्यासह त्यांनी ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’ ही संस्था काढली. सहा संस्थापकांत शिल्पकार ते एकटेच. कलाशाळांतून चालत आलेली ठरीव पद्धत सोडून नव्या राष्ट्राने आपल्या डोळ्यांनी पाहावे, हा या मंडळींचा आग्रह होता. पण संस्था उभी राहते न राहते तोच पांगापांग झाली. सूझा १९४९ साली लंडनला गेले, रझा १९५० साली फ्रान्सला; १९५१ साली बाकरे यांनीही विलायतेची वाट धरली. तेथे छिन्नीबरोबर त्यांनी कुंचलाही हाती घेतला व चित्रकार म्हणून नाव मिळविले.

सूझांचे १९५५ सालचे ‘बर्थ’ हे चित्र, त्यांच्या मृत्यूनंतर तेरा वर्षांनी, २०१५ साली न्यूयॉर्कच्या लिलावात चाळीस लक्ष डॉलरांहून अधिक किमतीस गेले. तेव्हा आपल्याकडेही टाळ्या वाजल्या. परंतु बाकरे १९७५ साली स्वदेशी परतले आणि कोकणात मुरुड-हर्णै येथे राहिले, तेव्हा त्यांची वास्तपुस्त कोणी केली? बॉम्बे आर्ट सोसायटीने त्यांचा गौरव केला तो २००४ साली. २००७ साली ते निवर्तले. परदेशी गेलेला गुणी मनुष्य परत यावा असे आपण म्हणतो. हे गृहस्थ आले, बत्तीस वर्षे आपल्यात राहिले, आणि महाराष्ट्रास त्याची दादही नव्हती!

कोणी म्हणेल, पाण्यापावसाच्या चिंतेत असलेल्या तालुक्यांस ही चैन कशास हवी? आमचे उत्तर असे की, लग्नाच्या मांडवांवर आणि वाढदिवसाच्या फलकांवर होणारा खर्च याच तालुक्यांतून होतो. पैसा आहे, दृष्टी नाही. आपली मुले सरकारच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट चित्रकला परीक्षांस बसतात. पण दहावीच्या गुणपत्रिकेत चार गुण वाढले की रंगपेटी माळ्यावर जाते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. शाळाचालकांनी चित्रकलेच्या शिक्षकाची जागा रिकामी ठेवू नये. शिरूर व दौंड येथील व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून दरसाल निदान एक चित्र आपल्याच भागातील चित्रकाराकडून वाजवी मोल देऊन घ्यावे व सार्वजनिक वाचनालयात लावावे. हे दान नव्हे, रोखीचा व्यवहार आहे. ज्या मालाची पारख आपल्या पेठेस नाही, तो परक्या पेठेत जाणारच. आणि मग त्याची किंमतही परक्यांनीच ठरवावी लागेल.